थोरलीची चढण

४ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा हे चहा न घेता गेले. थोरलीला पेटवायला! माणूस अंधारात उठतो, अंगावर दोन तांबे ओततो आणि घरची चूल गार ठेवून दुसरीच्या पोटात कोळसा घालायला पळतो. सासूबाईंनी लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच बजावलं होतं — "सूनबाई, तू धाकटी. थोरली शेडमध्ये उभी आहे. तिचं आधी, मग तुझं." मला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. म्हातारी थट्टा करत नसते, हे कळायला फार दिवस लागले नाहीत.

थोरली म्हणजे इंजिन. वाफेचं. काळं, ठेंगणं, ढेरपोटं, आणि जराशा ओल्या हवेत दमा लागणारं. खालच्या शहरापासून वरच्या आमच्या गावापर्यंत दोन डबे ओढतं. रूळ इतके अरुंद, की समोरासमोर बसलेल्यांना गुडघ्यांचा तह करून घ्यावा लागतो. वेग असा, की माणूस मागच्या डब्यातून उतरतो, रुळाकडेच्या मळ्यात भाजी निवडतो, भावावरून भांडतो, रागावून परत येतो आणि त्याच डब्यात चढतो. गाडी कधी वेळेवर आली तर फलाटावरचे लोक घाबरतात — काय झालं, कोण गेलं?

मी रोज सकाळी हिच्यातूनच खाली जाते, संध्याकाळी हिच्यातूनच वर येते. शहरात छापखान्यात मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. घरी तेच काम फुकट.

५ नोव्हेंबर

आज चढणीवर मास्तरीणबाईंनी पुन्हा टोमणा मारला. "वहिनी, तुमचे पाय काय बँकेत ठेवलेत का?"

चढणीचं असं आहे. गावाच्या अलीकडे रूळ एकदम वर चढतो. तिथे थोरलीला दम लागतो. हे एक छोटी शिट्टी देतात — एकच, लाजत दिल्यासारखी — आणि दोन्ही डबे रिकामे होतात. सगळे खाली. रुळाला लागून रस्ता आहे, त्यावरून गाडीच्या बरोबरीनं चालायचं. गप्पा त्याच, फक्त पायी. माथ्यावर चौकी आहे, तिच्या पुढे सपाटी लागली की पुन्हा आत. गुडघेदुखीवाले गुडघे धरून चालतात, तान्ही पोरं कडेवर चालतात. सक्ती नाही, नियम नाही, कुठे लिहिलेलं नाही. "तिला तेवढंच हलकं." झालं!

गार्डमामा तर हिरवं निशाण काखेत मारून सगळ्यांत पुढे.

मी उतरत नाही. लग्न होऊन पहिल्यांदा या गाडीनं आले तेव्हा अंगावर जड साडी, पायात नवी करकरीत चप्पल. शिट्टी झाली. हे इंजिनातून वाकून म्हणाले, "उतरतेस ना? तिला चढवत नाही." मी म्हटलं, "मग तिच्याशीच संसार करायचा होता!" अख्खा डबा हसला. त्या दिवशी बसले ती बसलेच. सवतीसाठी पाय झिजवायला मी काही संत नाही.

७ नोव्हेंबर

स्टेशनवर फळा लागलाय. मुख्य कचेरी प्रवाशांची मोजणी करणार. पुरेसे भरले तर गाडी राहील, नाहीतर बंद.

मुख्य कचेरी शहरात चौथ्या मजल्यावर आहे. तिथल्या एकानंही या गाडीत बूड टेकलेलं नाही. पण गाडीवर त्यांचा जीव! दरवर्षी आमच्याच छापखान्यात कॅलेंडर छापतात, थोरलीच्या रंगीत फोटोचं. फोटोत धूर पांढरा शुभ्र. माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांना विचारा त्याचा रंग.

संध्याकाळी फळ्यापुढे गर्दी. मामा म्हणाले, "मोजू देत की! उभं राहायला जागा नसते. डोळे फाटतील त्यांचे."

यांनी जेवताना मीठ मागितलं, तेही खुणेनं.

आणि मी? खरं लिहायला हरकत नाही, ही वही काही कुणी वाचत नाही. बंद झाली तर यांना शहरातल्या डेपोत काम मिळेल. सोबत क्वार्टर. दोन खोल्या, आत नळ, बाहेर गॅलरी. किती वर्षं बदली मागा म्हणतेय! उत्तर ठरलेलं — "अगं, थोरलीचं कोण बघणार?" आता चौथ्या मजल्यावरचे बघतील.

१२ नोव्हेंबर

काय झालं आज! हसावं की तोंड लपवावं?

मोजणीसाहेब आले. उंच, चष्मा, हातात बटण दाबायचं मोजणीयंत्र. गाडीची वाट फलाटावर बघायची तर फलाटाला छप्पर नाही. म्हणून साहेबांनी मोजणीचं ठिकाण निवडलं — माथ्यावरची चौकी! तिथे छप्पर आहे, खुर्ची आहे आणि गाडी तिथे अगदी हळू असते, म्हणजे मोजायला सोपी. शहाण्या माणसानं शहाणपणानं निवडलेली जागा.

संध्याकाळची गाडी खच्चून भरलेली. चढण आली. शिट्टी झाली. सगळे उतरले!

एकाच्याही डोक्यात आलं नाही. मोजणी आहे हे सगळ्यांना पाठ होतं. चालता चालता त्याच गप्पा चालल्या होत्या — आज साहेब थक्क होणार म्हणून. शिंपी तर म्हणाला, "थोरलीला आज जास्तच जपा रे, परीक्षा आहे तिची." म्हणून दोघांनी आपली गाठोडीसुद्धा डब्यातून काढून डोक्यावर घेतली.

आणि थोरली दिमाखात माथ्यावर आली. दोन डबे. त्यांत मी.

साहेबांनी खिडकीतून डोकं आत घातलं. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, बाकाखाली पाहिलं. "बाई, एकट्याच?"

रस्त्यावरून अख्खा गाव चालत येत होता. साहेबांनी त्यांच्याकडेही पाहिलं. शिंप्याला हाक मारून विचारलंसुद्धा, "काय हो, एवढी गाडी असताना पायी का जाता?"

शिंपी म्हणाला, "पायी कुठे? गाडीनंच चाललोय की!"

साहेबांनी त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं आणि पुन्हा माझ्याकडे वळले. एक वाक्य पुरे होतं. अहो, हे सगळे याच गाडीचे. एवढंच. जिभेवर होतं. मग जिभेवर गॅलरी आली. नळ आला.

म्हटलं, "हो. एकटीच."

टिक. बटण एकदा दाबलं गेलं.

१४ नोव्हेंबर

मामांना कचेरीचा फोन. निकाल — प्रवासी, एक. गाडी या वर्षाअखेर बंद.

मामा फलाटावरच मटकन बसले. "एक? अरे, एक कोण?" मग सगळ्यांच्या डोक्यात एकदमच उजेड पडला. चढण! चौकी! शिंप्यानं कपाळावर हात मारला. आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, झालं. आता माझी वरात.

मामा उठले, समोर आले, आणि हात जोडले! "वहिनी, तुम्ही होतात म्हणून लाज राहिली. नाहीतर शून्य लागलं असतं."

मास्तरीणबाई म्हणाल्या, "आम्ही सगळी मेंढरं. डोकं एकाच बाईचं जागेवर होतं. डोकं आणि बाकीचंही."

मी मान खाली घातली. त्याला विनय म्हणाले लोक.

रात्री जेवताना हे ताटाकडे बघत म्हणाले, "निदान तू तरी बसून राहिलीस." मग — "मला वाटायचं, तुला राग आहे तिचा."

मी पाणी प्यायले. भाजी तिखट झालीय म्हटलं. भाजीत तिखटच घालायला विसरले होते. यांनी "हो, जरा झालीय" म्हटलं.

१८ नोव्हेंबर

मास्तरीणबाई चौथ्या मजल्यावर जाऊन भांडून आल्या. पुन्हा एकदा मोजणी मिळाली. डिसेंबरच्या सुरुवातीला. ठिकाण तेच, चौकी. "एकदा ठरलेलं ठिकाण बदलता येत नाही. नाहीतर दोन मोजण्यांची तुलना कशी करणार?" असं साहेब म्हणाले म्हणे. यालाच म्हणतात उंटावरून शेळ्या हाकणं. उंट नव्हता, म्हणून खुर्ची.

आणि गावात 'गाडी बचाव समिती' झालीय. अध्यक्ष — मी!

नाही म्हटलं. तीनदा म्हटलं. तो पुन्हा विनय! सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "धाकटीनं थोरलीसाठी उभं राहायचं असतं." मी म्हटलं, "आई, मला बसण्यासाठी निवडलंय."

२१ नोव्हेंबर

समितीची सभा. ठराव एकच — मोजणीच्या दिवशी चढणीवर कुणीही जागा सोडायची नाही. जीव गेला तरी चालेल, बूड हलता कामा नये. टाळ्या.

मग कुणीतरी हळूच विचारलं, "पण ती चढेल का?"

सगळे यांच्याकडे बघायला लागले. हे कोपऱ्यात, टोपी हातात. म्हणाले, "रिकामी चढते. भरलेली... तिला कधी विचारलंच नाही कुणी."

घरी येऊन शांतपणे विचार केला. लोक उतरले तर शून्य, गाडी बंद. लोक बसले तर ती अडणार, गाडी बंद. म्हणजे मी काही न करता क्वार्टर माझं! वर अध्यक्षपद, हार आणि पुढची जागा. दोन्ही डगरींवर पाय ठेवूनही पाण्यात न पडण्याची सोय फक्त समितीच्या अध्यक्षालाच असते.

२५ नोव्हेंबर

सराव सुरू. म्हणजे रोज चढणीच्या आधी जिथे गाडी सपाटीवर थांबते, तिथे हे शिट्टी देतात आणि आम्ही बसून राहतो. एवढंच करायचं. जमत नाही! शिट्टी झाली की अर्धा डबा उभा. मास्तरीणबाई — "पाय आपोआप उठतात हो!" शिंप्यानं स्वतःला बाकाला उपरण्यानं बांधून घेतलं, तर बाकासकट धडपडला. मामा निशाण काखेत मारून सवयीनं उतरले आणि खालून ओरडले, "कुणी उतरू नका!"

शेवटी यांनीच सांगितलं — त्या दिवशी शिट्टी देणारच नाही.

मी सगळ्यांना बसायला शिकवतेय. अनुभवी म्हणून.

३ डिसेंबर

अक्षर लागणार नाही, पण लिहिते.

मोजणीचा दिवस. गाव तर होतंच, गावाचे पाहुणेही होते. मामांची बहीण पोराबाळांसह, शिंप्याचे साडू, मास्तरीणबाईंचा अख्खा वर्ग. गुडघ्यांचा तह कधीच मोडला होता. माणसं मांडीवर, मांडीवरच्यांच्या मांडीवर. सकाळपासून भुरभुर पाऊस. रूळ ओले.

चढण आली. शिट्टी नाही. कुणी हललं नाही. काहींनी श्वास रोखला — तेवढंच हलकं! थोरली धापा टाकत निघाली. अर्धी चढण. पाऊण. आणि शेवटच्या वळणावर, जिथून चौकी दिसते, साहेबांची खुर्ची दिसते, साहेबांचा चष्मासुद्धा दिसतो, तिथे चाकं जागच्या जागी गरगरली. गाडी थांबली.

मामा पळत वर गेले. खाली ऐकू येत होतं. "साहेब, चार पावलं खाली या! सगळे बसलेत! मोजून घ्या!"

साहेब म्हणाले, "मोजणीचं ठिकाण चौकी. गाडी इथे येऊ दे."

"अहो, दिसतायत ना तुम्हाला!"

"दिसण्याचा प्रश्न नाही."

हे खाली उतरले. वाळूचं घमेलं घेतलं आणि चाकापुढे रुळावर मुठीमुठीनं वाळू टाकायला लागले. गुडघ्यांवर बसून. यांचे गुडघे मला माहीत आहेत. घरी जिना चढताना भिंत धरतात. वाळू टाकून वर चढले, वाफ दिली — चाकं फिरली, वाळू उडाली, गाडी तिथेच. पुन्हा खाली. पुन्हा वाळू. पुन्हा वर. आत सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे. अध्यक्ष! हलायचं नाही!

शिट्टीची तार यांच्या डोक्यावर लोंबत होती. एकदा ओढली असती तर डबे रिकामे झाले असते. हात तिकडे गेला नाही. मागे वळून बघितलंही नाही. तिसऱ्यांदा खाली उतरले तेव्हा तिच्या तापलेल्या अंगाला हात लावून म्हणाले — मी पुढच्या खिडकीत होते, मला ऐकू आलं — "अगं, एवढं एक. आज त्यांना उतरायला लावू नकोस."

मला राग आला. कुणाचा, ते अजून कळत नाही. तिचा, यांचा, त्या खुर्चीचा. का माझ्याच बुडाचा! वाटलं, ही एवढी ओढतेय आणि मी इथे दगडासारखी...

उठले. दार उघडलं. उतरले.

डब्यातून किंचाळी आली, "वहिनी!" मग कुणीतरी मागून उतरलं. मग धबधबा. पाहुणेसुद्धा उतरले, का ते न कळता.

यांनी वर चढून वाफ दिली. थोरली हलली. सुटका झाल्यासारखी वर गेली. रिकामी. साहेबांनी दोन्ही डब्यांत डोकावलं. बाकाखाली पाहिलं. मागून आम्ही सगळे धापा टाकत वर. वरातीमागून घोडं म्हणतात. इथे घोड्यामागून वरात!

साहेबांपुढे जाऊन मी म्हटलं, "हे सगळे याच गाडीचे. त्या दिवशीही होते. त्या दिवशी मी खोटं बोलले."

"त्या दिवशी तुम्ही बसलेल्या होतात ना?"

"होते."

"एकट्या?"

"...एकटी."

"मग खोटं कुठे? मला बसलेले मोजायला सांगितलंय, बाई. चालणाऱ्यांचं खातं वेगळं."

यंत्र माझ्यासमोर धरलं. शून्य. मागच्या वेळी एक होतं, तेही मीच पुसलं.

४ डिसेंबर

कुणी मला काही बोललं नाही. ते फार वाईट.

ते "एकटीच" म्हटलेलं मी सगळ्यांदेखत कबूल केलं, तरी कुणी तो विषय काढला नाही. मामा फक्त म्हणाले, "वहिनी, उतरलात ते बरं केलंत. बघवत नव्हतं." आणि निशाण झटकत गेले.

यांनी आज चहा घेतला. माझ्यासमोर बसून. "चप्पल झिजली असेल," म्हणाले.

३१ डिसेंबर

शेवटची फेरी. मुख्य कचेरी पहिल्यांदाच गाडीत बसायला आली! हार, फोटो, भाषण. "ही गाडी आमच्या हृदयात सदैव धावत राहील." तिथेही चौथ्या मजल्यावरच धावणार असेल.

चढणीवर शिट्टी झाली. आम्ही सगळे उतरलो. मुख्य कचेरी आतच बसून राहिली, खिडकीतून हात हलवत. आज मोजायला हवं होतं. चौकीपुढे डबा पहिल्यांदाच भरलेला होता.

११ फेब्रुवारी

क्वार्टर मिळालं. दोन खोल्या. नळ आत. गॅलरी. सासूबाई आल्या नाहीत, "मी वरच मरेन, तुम्ही येत जा." वर जायला आता बस आहे. ठणठणीत नवी.

आणि आज सकाळी गॅलरीत उभी राहिले, तर समोरच्या चौकात क्रेन. मुख्य कचेरीच्या दारात सिमेंटचा चौथरा केलाय. त्यावर काय ठेवलं असेल? थोरली! काळा चकचकीत रंग, पोटावर सोनेरी पट्टा, गळ्यात साखळी — 'हात लावू नये'. माझ्या गॅलरीच्या अगदी समोर. इतक्या वर्षांत शेड तरी लांब होती; आता सवत दारातच राहायला आली!

यांना डेपोत काम मिळालंय. कसलं? रोज सकाळी तिला पुसायचं. कोळसा नाही, पाणी नाही, आग नाही. नुसतं फडकं. पदाचं नावही दिलंय — वारसा-रक्षक.

आज फडकं घेऊन निघाले. जाताना चहा घेतला. तिथे घाई कुणाला आहे आता.

९ मार्च, रविवार

आज दोघं बसनं गावी निघालो, सासूबाईंकडे. एका बाकावर, शेजारी शेजारी. लग्नानंतर पहिल्यांदाच, हे नेहमी पुढे, मी मागे.

चढण आली. बस सरसर चढत होती. मागून मास्तरीणबाई म्हणाल्या, "थांबवा." ड्रायव्हर घाबरला. "काय झालं? चढतेय की, बसा!" कुणी बसलं नाही. एकेक करून सगळे उतरले. मीही. रिकामी बस हळूहळू पुढे, आम्ही बाजूनं.

हे शेवटी उतरले. ही चढण यांनी जन्मात पायी चढलेली नाही. वळणावर दम लागला. मी थांबले. हात पुढे केला. एक छोटी शिट्टी मारली तोंडानं — लाजत मारल्यासारखी.

हे हसले. हात धरून चढले.